चिठ्ठीवर औषधे पाच, कामाचे एक

वाचकहो, या सदरात आजवर आपण आजारांविषयी बोललो. जुलाब, गोवर, विंचूदंश, रक्तक्षय असे एकेक विषय झाले. आजचा विषय आजार नाही, आजारावर लिहून दिलेली चिठ्ठी आहे. आणि ही चिठ्ठी दुसऱ्या कोणा डॉक्टरची नसून माझी स्वतःची आहे.

चकलांब्यात माझा लहानसा दवाखाना आहे. एक टेबल, तपासणीचा एक बाक आणि बाहेर लिंबाच्या झाडाखाली बसलेले पेशंट. गेवराई तालुक्यातल्या आमच्या या भागात कापूस होतो, तूर होते, पाणी असेल तिथे ऊसही होतो. पण आमच्याकडची बरीच माणसे स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या शेतातला ऊस तोडून पोट भरतात. दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाड गाडीत टाकून कारखान्याकडे निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. घरातले दुखणेखुपणे, मुलीचे लग्न, दुकानाची उधारी असे सगळे त्या उचलीतच भागवायचे असते.

पाडवा होऊन आठेक दिवस झाले असतील. एक बाई दवाखान्यात आली आणि टेबलावर एक प्लास्टिकची पिशवी ठेवून उभी राहिली. तिच्या नवऱ्याचा रक्तदाब तीन वर्षांपूर्वी मीच शोधून काढला होता. दर हंगामाआधी तो माझ्याकडून औषधे लिहून घेऊन जायचा.

“काय मावशी, कधी आलात?” मी विचारले.

“कालच आलो साहेब. मालकाला लकवा मारला. उजवं अंग गेलं. बोलनं बी तोतरं झालंय.”

माझ्या तोंडून जो प्रश्न निघाला, तो आम्ही डॉक्टर मंडळी नेहमीच विचारतो. “गोळी बंद केली होती का?”

“बंद न्हाई केली साहेब. एक दिसाआड देत व्हते.”

आणि तिने पिशवी टेबलावर रिकामी केली. माझ्याच हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्या, टॉनिकच्या दोन रिकाम्या बाटल्या, जळजळीच्या कॅप्सूलची संपलेली पाकिटे, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची अर्धवट राहिलेली पट्टी. टॉनिक संपले होते. रक्तदाबाची गोळी उरली होती.

“असं का केलंत, मावशी?”

“सगळं आनायचं तर हजाराच्या वर जायचं. मेडिकलवाल्याला म्हनलं, पाचशेत बसंल तेवढं दे. त्यानं इचारलं, कोनतं देऊ? मला काय ठावं? टॉनिकनं ताकद येती, म्हनून टॉनिक घेतलं. जळजळीच्या गोळीनं लगीच बरं वाटायचं, म्हनून ती घेतली. बीपीच्या गोळीनं घेतली काय अन् न घेतली काय, काईच कळत न्हाई. म्हनून ती अर्धी घेतली.”

वाचकहो, या बाईच्या हिशेबात कुठे चूक आहे ते सांगा. पैसे थोडे, चिठ्ठी मोठी. ज्याचा गुण डोळ्यांना दिसतो ते तिने घेतले, ज्याचा दिसत नाही त्यात काटकसर केली. संसार करणारी कोणतीही शहाणी बाई हेच करील. पाचांपैकी कोणते औषध जीव वाचवणारे आहे, एवढीच गोष्ट तिला ठाऊक नव्हती. ती सांगायचे काम माझे होते आणि मी ते केले नव्हते.

त्या चिठ्ठीत काय होते?

बाई गेल्यावर मी माझीच चिठ्ठी समोर ठेवून परीक्षकाच्या नजरेने वाचली. एका महिन्याचा खर्च साधारण असा होता. रक्तदाबाची दोन औषधे एकत्र असलेली नामांकित कंपनीची गोळी, साडेतीनशे रुपये. पित्ताच्या जळजळीची कॅप्सूल, तेवढेच. जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल, पावणेदोनशे. टॉनिकची बाटली, जवळपास तितकेच. कंबरदुखीच्या गोळ्या, शंभर. एकूण साडेअकराशेच्या घरात.

आता एकेक पाहू. कंबरदुखीची गोळी मी दिली, कारण मोळ्या उचलून त्याची कंबर दुखायची. पण दुखणे थांबवणाऱ्या या जातीच्या गोळ्या रोज घेतल्या तर रक्तदाब वाढवतात, आणि रक्तदाबाच्या काही औषधांचा परिणामही कमी करतात. शिवाय त्यांनी पोटात जळजळ होते. जळजळ होते म्हणून पित्ताची कॅप्सूल. म्हणजे एका औषधाने केलेला त्रास निस्तरायला दुसरे औषध, आणि दोन्ही मिळून तिसऱ्याचे पैसे खाणार. जीवनसत्त्वाची कॅप्सूल आणि टॉनिक “थकवा वाटतो” म्हणून लिहिली होती. जो माणूस पहाटे चारला उठून कोयता हातात घेतो, त्याला थकवा वाटणार नाही तर काय! त्यावरचा उपाय पोटभर जेवण आणि झोप हा आहे, बाटली नव्हे.

थोडक्यात, पाचांपैकी एकच औषध असे होते की ज्याच्यावाचून चालणार नव्हते. तेच मी सर्वांत महाग असलेले निवडले होते. त्यातली दोन्ही द्रव्ये साध्या, वेगवेगळ्या गोळ्यांच्या रूपात जनऔषधी दुकानातून घेतली असती, तर महिन्याचा खर्च शंभर रुपयांच्या आत बसला असता. सरकारी आरोग्य केंद्रातून मिळाली असती, तर एक पैसाही लागला नसता.

गोळी रोज मिळाली असती तर लकवा टळलाच असता, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तंबाखू होती, वय पन्नाशीला आले होते. पण वाढलेला रक्तदाब हे लकव्याचे सर्वांत मोठे आणि आटोक्यात ठेवता येण्यासारखे कारण आहे. तेवढे तरी आपल्या हातात होते.

या गोळीची गंमत अशी की ती काम करते तेव्हा काहीच वाटत नाही. रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काही होत नाही, उतरला तरी काही जाणवत नाही. म्हणून जिला गुण नाही असे वाटते, तीच गोळी एक दिवसही चुकवायची नसते. हे वाक्य मी पेशंटला बोलून दाखवायला हवे होते. त्याऐवजी मी टॉनिक लिहिले.

डॉक्टर जास्त औषधे का लिहितो?

यावर लोक दोन शब्दांत निकाल देतात, ‘डॉक्टर लुटारू’. काही ठिकाणी ते खरेही असेल. कट प्रॅक्टिस नावाचा प्रकार आहे, औषध कंपन्यांच्या स्कीमा आहेत, आणि भेटवस्तू घेऊन येणारे प्रतिनिधी आहेत. डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटी घेऊ नयेत असा नियम वैद्यक परिषदेने २००९ मध्येच केला. २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषध कंपन्यांसाठीही तशी संहिता काढली. त्याआधी मीही पेन, डायऱ्या घेतल्या आहेत. त्या पेनवर ज्या गोळीचे नाव होते, ते माझ्या चिठ्ठीवर जास्त वेळा उतरले, हे आज मागे वळून पाहताना मला नाकारता येत नाही.

पण सगळी गोष्ट एवढीच नाही. आमच्यासारख्या गावात तपासणीची फी मागायला डॉक्टरला संकोच वाटतो आणि द्यायला पेशंटला जड जाते. “नुसतं बघितलं, त्याचे कसले पैसे?” असे लोक म्हणतात. सुईचे पैसे मात्र कुरकुर न करता देतात. मग डॉक्टर आपली फी सुईत आणि पुडीत मिसळतो. एकदा ती सवय लागली की तपासण्याची किंमत शून्य आणि टोचण्याची किंमत शंभर, असा उलटा बाजारभाव ठरून जातो.

दुसरे कारण भीतीचे. पेशंटला एका दिवसात बरे वाटले नाही तर तो पुढच्या दवाखान्यात जाणार. म्हणून ताप कशाचा आहे हे पाहण्याआधीच तापाचे, जंतूंचे, खोकल्याचे, ताकदीचे असे सगळेच लिहून मोकळे व्हायचे. अंधारात दगड मारायचा तर एक कशाला, पाच मारावेत, असा हा प्रकार. आणि तिसरे कारण पेशंटची अपेक्षा. चिठ्ठीवर एकच ओळ असली की घरी जाऊन माणूस म्हणतो, “डॉक्टरनं काई लिहिलंच न्हाई.”

सुई आणि बाटली

या अपेक्षेचे सर्वांत खर्चिक रूप म्हणजे सलाईन. “अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा,” हे वाक्य मी आठवड्यातून किती तरी वेळा ऐकतो. त्या बाटलीत काय असते ते एकदा समजून घ्या.

साध्या सलाईनच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत निर्जंतुक पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असते. चहाच्या चमच्याने मोजले तर सपाट चमचाही भरत नाही. ग्लुकोजच्या, म्हणजे पाच टक्क्यांच्या, तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे पाचेक चमचे. तिच्यातून मिळणारी ताकद एका बऱ्यापैकी भाकरीएवढीही नाही. ज्याला तोंडाने घोटभर पाणी पिता येते, त्याला तेच पाणी, मीठ आणि साखर शिरेतून देण्यात काही अर्थ नाही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले की जुलाबावरचे औषध घरीच तयार होते. आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे क्षारसंजीवनीची पाकिटे मिळतात, ती त्याहून उत्तम.

मग सलाईन कधी लागते? उलट्या थांबत नाहीत, जुलाबाने डोळे खोल गेले आहेत, लघवी बंद झाली आहे, माणूस गुंगीत आहे, फार रक्त गेले आहे किंवा ऑपरेशन आहे, अशा वेळी. तेव्हा सलाईन प्राण वाचवते आणि तेव्हा पैशाचा विचार करू नये.

सुईचेही तसेच. लाल रंगाची सुई म्हणजे बहुधा ब-१२ जीवनसत्त्व. ज्याला त्याची कमतरता आहे त्याला ती उपयोगी, बाकीच्यांच्या शरीरातून ती लघवीवाटे निघून जाते. अंगदुखीवर ‘जादू करणारी’ सुई असते तिच्यात काही वेळा डेक्सामेथासोन नावाचे स्टेरॉईड असते. योग्य जागी ते मोलाचे औषध आहे. पण दर आठवड्याला अंग दुखते म्हणून टोचत राहिले तर रक्तातली साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. शिवाय नीट निर्जंतुक न केलेल्या सुईने कावीळ आणि एच.आय.व्ही. पसरू शकतो. तोंडाने घ्यायच्या गोळीत तो धोका नाही.

साताऱ्याच्या चिठ्ठ्या

हे सारे एका चकलांब्यात घडते असे समजू नका. १९९० च्या दशकात डॉ. अनंत फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातारा जिल्ह्यात औषधांच्या पुरवठ्याचा आणि वापराचा अभ्यास केला. सरकारी आणि खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या गोळा करून त्या वैद्यकशास्त्राच्या कसोटीवर तपासल्या. त्यावर आधारलेले त्यांचे पुस्तक १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या अभ्यासात दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसल्या. एकीकडे गरज नसलेली औषधे आणि इंजेक्शने इतकी की औषधांवरच्या खर्चाचा फार मोठा वाटा वाया जात होता. दुसरीकडे सरकारी केंद्रांत खरोखर लागणाऱ्या औषधांचा तुटवडा होता. माझ्या टेबलावर रिकामी झालेली ती पिशवी म्हणजे याच चित्राची छोटी आवृत्ती होती.

हा प्रश्न देशाने याहूनही आधी ओळखला होता. १९७५ मध्ये जयसुखलाल हाथी यांच्या समितीने सांगितले होते की बहुसंख्य आजारांसाठी थोडकी, निवडक औषधे पुरतात. तिने दिलेली अत्यावश्यक औषधांची यादी सव्वाशेच्या आत होती. १९७७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही अशीच पहिली यादी काढली. आपल्या देशाची राष्ट्रीय यादी १९९६ मध्ये आली. २०२२ मध्ये ती सुधारली गेली तेव्हा तिच्यात ३८४ औषधे होती. याउलट बाजारात नावे आहेत हजारोंनी. दोन-तीन औषधांची मोट बांधून केलेल्या, शास्त्रात न बसणाऱ्या मिश्रणांवर सरकारने अनेकदा बंदी घातली आहे. २०१६ मध्ये ३४४, २०१८ मध्ये ३२८ आणि २०२४ मध्ये १५६ मिश्रणांवर बंदीचे आदेश निघाले. म्हणजे त्या त्या दिवसापर्यंत ही औषधे दुकानात होती, चिठ्ठ्यांवर होती, आणि आपण ती विकत घेत होतो.

याचा भार कोणावर पडतो तेही पाहा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१४ च्या फेरीत दिसले की खेड्यातला माणूस इस्पितळात दाखल न होता जे उपचार घेतो, त्यावरच्या त्याच्या खर्चाचा सत्तर टक्क्यांच्या आसपास हिस्सा औषधांवर जातो. डॉक्टरच्या फीबद्दल आपण घासाघीस करतो. खरा खर्च चिठ्ठीवर असतो.

एकच गोळी, भाव वेगळे

पेशंट विचारतात, “साहेब, स्वस्त गोळी म्हंजी हलकी गोळी का?” नाही. प्रत्येक औषधाला एक मूळ नाव असते आणि कंपनीने ठेवलेले एक बाजारी नाव असते. रक्तदाबाच्या एका नेहमीच्या गोळीचे मूळ नाव आहे अ‍ॅम्लोडिपिन. ती अनेक कंपन्या आपापल्या नावाने विकतात. जाहिरात, प्रतिनिधी आणि वेष्टन यांचा खर्च भावात मिसळतो, म्हणून भाव बदलतो. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने अत्यावश्यक यादीतल्या औषधांना कमाल किंमत ठरवून दिली जाते. पण बरीच जोडगोळी औषधे या यादीबाहेर राहतात. म्हणून साध्या गोळीपेक्षा जोडगोळी पुष्कळदा महाग पडते.

२००८ मध्ये केंद्र सरकारने जनऔषधी दुकानांची योजना सुरू केली. तिथे औषधे मूळ नावाने आणि कमी किमतीत मिळतात. मात्र एक सावधगिरी बाळगा. साध्या मेडिकलमध्ये ‘जेनेरिक’ म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांवर छापील किंमत मोठी असते आणि फायदा दुकानदाराच्या खिशात जातो. तेव्हा ‘जेनेरिक आहे’ एवढ्यावर समाधान न मानता दर विचारा आणि पावती घ्या.

पट्टी वाचायला शिकणे फारसे अवघड नाही. २०१८ च्या नियमानुसार पट्टीवर औषधाचे मूळ नाव कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापावे लागते. घरात दहावी शिकलेला मुलगा असेल तर त्याला वाचायला लावा. दोन पट्ट्यांवर मूळ नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा एकच असेल तर औषध एकच. असे एकच औषध दोन डॉक्टरांनी दोन नावांनी दिले आणि पेशंट दोन्ही खात होता, असेही मी पाहिले आहे. डॉक्टरांनी मूळ नावाने, वाचता येईल अशा आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असे आमच्या आचारसंहितेत २०१६ मध्ये नमूद झाले आहे. तसे लिहून मागण्यात डॉक्टरचा अपमान नाही.

सरकारी केंद्राकडे पाठ नको

चकलांब्यात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. रक्तदाब आणि मधुमेह यांची तपासणी आणि नेहमीची औषधे अशा केंद्रांतून देण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. कधी साठा संपतो, रांग असते, हे खरे. तरी विचारल्याशिवाय दुकानाकडे जाऊ नका.

२०१७ मध्ये देशात रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला आणि महाराष्ट्रातले काही जिल्हे त्यात सुरुवातीपासून होते. त्याची पद्धत अगदी सोपी आहे. आधी एक साधी गोळी. दाब उतरला नाही तर ठरलेली दुसरी जोडायची. सगळ्या केंद्रांत तीच औषधे, त्याच क्रमाने. यामुळे औषधे स्वस्त पडतात, साठा सांभाळणे सोपे जाते, आणि एका गावचा पेशंट दुसऱ्या गावी गेला तरी त्याची गोळी बदलत नाही. ऊसतोड कामगाराला यापेक्षा सोयीचे काय असणार? जाताना आपली चिठ्ठी आणि रक्तदाबाची नोंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्या. कारखान्याजवळच्या सरकारी केंद्रात ती दाखवली की गोळी पुढे चालू ठेवता येते.

चिठ्ठी हातात घेतल्यावर

आता वाचकांसाठी कामाच्या गोष्टी. दवाखान्यातून उठण्याआधी डॉक्टरांना हे विचारा:

१) मला झालंय काय? निदान काय आहे?

२) यातलं कोणतं औषध चुकवायचं नाही? पैसे कमी पडले तर आधी कोणतं घेऊ?

३) प्रत्येक औषध किती दिवस घ्यायचं? कोणतं बरं वाटल्यावर थांबवायचं, कोणतं थांबवायचं नाही?

४) याच औषधाचं स्वस्त नाव आहे का? आरोग्य केंद्रात मिळेल का?

५) सुई किंवा सलाईनशिवाय चालेल का?

आणि एक गोष्ट न विचारता सांगा. आपल्याकडे पैसे किती आहेत ते. “साहेब, खिशात तीनशे आहेत,” असे म्हणायला लाजू नका. ते कळले तर डॉक्टर तीनशेत बसणारी चिठ्ठी लिहू शकतो. न कळले तर ती चिठ्ठी दुकानाच्या काउंटरवर कापली जाते, आणि काय कापायचे ते ज्याला वैद्यकाचे काही माहीत नाही तो ठरवतो.

मात्र हा लेख वाचून कोणी घरातली औषधे परस्पर बंद करू नयेत, ही कळकळीची विनंती. रक्तदाब, मधुमेह, फिट, क्षय, दमा यांची औषधे तर मुळीच नाही. शंका असेल तर सगळी औषधे पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि एकेक करून विचारा.

माझ्या दवाखान्यात

त्या दिवसापासून मी तीन गोष्टी बदलल्या. भिंतीवर पाटी लावली: ‘तपासणीची फी वेगळी. सुई लागली तरच.’ चिठ्ठीवर मूळ नाव लिहू लागलो. आणि जे औषध चुकवायचे नाही, त्याच्यापुढे पेनने एक चांदणी काढू लागलो. लिहिता-वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही चांदणी कळते. मेडिकलमध्ये ती बोट ठेवून म्हणते, “हे आधी दे.”

यामुळे पेशंट वाढले असे नाही. काही गेले. एक आजोबा तर रागावून म्हणाले, “सुई द्यायची न्हाई तर तपासलं कशाला?” महिन्याचा गल्लाही कमी झाला. पण गेलेल्यांपैकी काहीजण परत आले, आणि आता फी द्यायला ते पूर्वीइतके कुरकुरत नाहीत. गावाला सुईची सवय लावायला आम्हा डॉक्टरांना बरीच वर्षे लागली. ती मोडायलाही वेळ लागणारच.

त्या बाईच्या नवऱ्याला कारखान्याकडच्या सरकारी रुग्णालयात मेंदूत रक्ताची गुठळी असल्याचे निदान झाले होते. आता तो काठीच्या आधाराने ओट्यापर्यंत येतो. बोलणे बरेच सुधारले आहे. उजवा हात अजून उचलत नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. या हंगामात मुकादमाने तिला अर्धा कोयता म्हणून धरले. जाण्याआधी ती औषधे लिहून घ्यायला आली. आता त्याच्या चिठ्ठीवर खरोखरच चार औषधे आहेत. रक्तदाबाच्या दोन साध्या गोळ्या, रक्त पातळ ठेवणारी एक आणि चरबीची एक. तिने चिठ्ठी उजेडात धरून पाहिली.

“साहेब, चारीपुढं चांदनी काढलीय तुमी.”

“हो मावशी. आता चारही लागणारी आहेत.”

ती काही बोलली नाही. चिठ्ठीची घडी घालून तिने पदराच्या गाठीत बांधली.

वाचकहो, आज संध्याकाळी घरातला औषधांचा डबा किंवा पिशवी खाली ओता. काय संपले आहे आणि काय उरले आहे ते पाहा. टॉनिक संपले असेल आणि रक्तदाबाची गोळी उरली असेल, तर उद्याच डॉक्टरांकडे जा. आणि डॉक्टरबंधूंनो, पेशंटने ती पिशवी आपल्या टेबलावर ओतण्याची वाट पाहू नका. आपणच मागून घ्या.